अस्थिवेणू आणि अनाहत नाद

उत्खननात हाती येणाऱ्या बहुतेक वस्तू आपले प्रयोजन आपल्या अंगावरच वागवीत असतात. दगडी कुऱ्हाडीची धार पाहिली की ती कशासाठी घडविली हे वेगळे सांगावे लागत नाही. रांजणाचे पोट त्यात साठविलेल्या धान्याची साक्ष देते. आणि मूर्ती तर, तिचा देव कोण हे जग विसरून गेले तरी, मूर्ती म्हणून पुरी असते, कारण आपल्याला कोणी पाहावे एवढेच तिचे मागणे असते आणि ते आजही पुरे होते. वाद्याची गोष्ट निराळी आहे. जिचे सारे सार्थक तिच्या बाहेर, वाऱ्यात उमटून वाऱ्यातच विरणाऱ्या ध्वनीत होते, अशी एखादी वस्तू, तो ध्वनी मावळून हजारो वर्षे लोटल्यावर मातीतून वर येते तेव्हा आपल्या हाती नक्की काय येते? वाद्य येते, की वाद्याचे कलेवर? आणि तो ध्वनी, जो कोणा एकाच्या श्वासाने उठला आणि शेकोटीभोवतीच्या चार जणांच्या कानी पडून संपला, तो गेला म्हणजे कोठे गेला? की ‘गेला’ असे म्हणणेच अविचाराचे आहे? पुरातत्त्वशास्त्राच्या कक्षेत हा प्रश्न बसत नाही. ते शास्त्र लांबी, रुंदी, थर आणि काळ मुक्रर करते व तेथेच थांबते, आणि तसे थांबणे हाच त्याचा प्रामाणिकपणा आहे. परंतु प्रश्न त्यामुळे मिटत नाही. आणि शब्द नित्य की अनित्य या एका वादावर ज्या देशात शतकानुशतके ग्रंथ रचले गेले, त्या देशातील वाचकाला तो परका वाटण्याचे कारण नाही.

त्या वादाची कैफियत थोडक्यात अशी आहे. नैयायिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण होय. तो प्रयत्नाने किंवा आघाताने उत्पन्न होतो, लाटेतून लाट निघावी किंवा कदंबाच्या गोलकातून चहूबाजूंनी केसर फुटावेत तसा पुढे सरकत कानापर्यंत पोचतो आणि नाश पावतो. म्हणून तो अनित्य. मीमांसकांना हे मान्य करणे शक्य नव्हते, कारण वेद अपौरुषेय आणि नित्य ठरवावयाचा तर ज्या वर्णांचा तो बनला आहे ते वर्ण क्षणभंगुर असून चालणार नाही. यास्तव त्यांनी असे प्रतिपादिले की वर्ण सदैव आहेतच, मुखातील वायू त्यांना निर्माण करीत नाही, केवळ व्यक्त करतो, जसा अंधारातला घट दिव्याने घडत नाही, दिसू लागतो. येथपर्यंतचा भाग बहुश्रुत वाचकाला परिचित असतो. मात्र या वादातील एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. नित्यत्वाचा हा सारा आग्रह वर्णात्मक शब्दापुरता होता. मृदंगाचा, शंखाचा, वेणूचा जो ध्वनी, तो नित्य असल्याचा दावा मीमांसकांनी मांडला नाही. ध्वनी हा त्यांच्याही लेखी केवळ व्यंजक, येणारा आणि जाणारा. म्हणजे ज्या दोन दर्शनांनी एकमेकांशी इतका प्रदीर्घ कलह केला, त्या दोहोंचे वेणूच्या स्वराच्या मर्त्यतेविषयी एकमत आहे. संगीताच्या बाजूने बोलावयाचे तर आपल्याला दुसरा दाखला शोधावा लागतो, आणि तो मला पोथ्यांत सापडण्यापूर्वी हाडांत सापडला.

नैर्ऋत्य जर्मनीत स्वाबियन युरा नावाचा चुनखडीच्या डोंगरांचा प्रदेश आहे. त्यातील आख नदीच्या खोऱ्यात, शेल्कलिंगेन गावानजीक, होल फेल्स नावाची गुहा असून तेथे २००८ साली निकोलस कोनार्ड आणि त्यांचे सहकारी यांना एका बासरीचे १२ तुकडे मिळाले. ते जुळविल्यावर तिची लांबी २१.८ सेंटिमीटर भरली. जाडी जेमतेम ८ मिलिमीटर, म्हणजे करंगळीहूनही कमी. ग्रिफन जातीच्या गिधाडाच्या पंखातील हे हाड आहे. पंख पसरले असता हा पक्षी अडीच मीटरच्या आसपास विस्तार व्यापतो, आणि त्याचे हाड आतून पोकळ असल्यामुळे निसर्गानेच नळी तयार करून ठेवलेली असते. बासरीला पाच छिद्रे आहेत. फुंकण्याच्या टोकाला दोन खोल खाचा आहेत. दुसरे टोक मोडून नाहीसे झाले आहे. त्याच गुहेत, त्याच वर्षी, तेथून सुमारे ७० सेंटिमीटरवर मॅमथच्या सुळ्यातून कोरलेली स्त्रीची एक लहानशी आकृती मिळाली, जी मानवाकृतीच्या ज्ञात शिल्पांपैकी अत्यंत प्राचीन मानली जाते. २००९ मध्ये बासरीचा वृत्तांत प्रसिद्ध झाला तेव्हा तिचे वय ३५,००० वर्षांहून अधिक सांगितले गेले. पुढे शेजारच्या गुहेतील थरांची जी नवी कालगणना झाली तिने या प्रदेशातील बासऱ्यांचा आरंभ ४२,००० वर्षांपर्यंत मागे नेला. तेव्हा युरोपात हिमयुग होते, आणि आपल्या वंशाची माणसे तेथे नुकतीच पोचत होती.

या बासरीवरची एक खूण मला सर्वांहून अर्थपूर्ण वाटते. छिद्रांच्या लगत हाडावर अतिशय बारीक रेघा कोरलेल्या आहेत. छिद्रे कोठे पाडावयाची हे ठरविण्यासाठी घेतलेल्या मापांच्या त्या खुणा असाव्यात, असे संशोधकांचे मत आहे. याचा अर्थ असा की आधी माप झाले, मग छिद्र, मग स्वर. आपल्याकडे कोणत्याही कर्माच्या आरंभी देशकालाचा उच्चार करून संकल्प सोडतात, आणि संकल्पावाचून झालेले कर्म, बाह्यतः यथासांग असले तरी, कर्म म्हणून गणले जात नाही. त्या दृष्टीने पाहिले तर या रेघा म्हणजे हाडावर लिहिलेला संकल्प होय. जो स्वर अद्याप उमटलेला नाही, त्याच्यासाठी जागा राखून ठेवणारा कोणी एक मनुष्य, लेखनाचा, शेतीचा, मडक्याचा शोध लागण्यापूर्वी सहस्रावधी वर्षे, त्या गुहेच्या तोंडाशी बसून हे करीत होता.

धार्मिक वृत्तीच्या वाचकाला येथे एक अडचण वाटेल, आणि ती दडवून पुढे जाणे योग्य होणार नाही. मृत मांसावर जगणाऱ्या पक्ष्याचे हाड ओठांना लावणे ही कल्पनाच आपल्या संस्काराला सहन होत नाही. अस्थिस्पर्शाने येणाऱ्या अशौचाचा विचार स्मृतींनी बारकाईने केला आहे. पण त्याच धर्माने शंखाला, जे एका जलचराचे कठीण कवच होय, देवघरात मानाची जागा दिली, आणि त्यात फुंकर घालून पूजेचा आरंभ करण्याची चाल पाडली. तिबेटात बौद्ध साधक माणसाच्या मांडीच्या हाडाचे वाद्य वाजवतात आणि त्यात त्यांना अमंगळ काही दिसत नाही. शुचि-अशुचीचे हे निवाडे देशपरत्वे बदलतात. बदलत नाही ती एवढीच गोष्ट की ज्यातून प्राण गेला आहे अशा पोकळीत माणूस आपला प्राण फुंकतो आणि त्या संयोगातून जे निघते ते दोघांचेही नसते. ‘संगीतरत्नाकर’ या संगीतग्रंथात नादाची उत्पत्ती देहातील अग्नी आणि प्राणवायू यांच्या संयोगापासून सांगितली आहे. होल फेल्सच्या त्या मनुष्याला हे शास्त्र ठाऊक असण्याचा संभव नाही. परंतु थंडीने गोठलेल्या खोऱ्यात, अग्नीच्या शेजारी बसून, गिधाडाच्या हाडात त्याने जे केले त्याचे वर्णन याहून नेमक्या शब्दांत करता येईल असे मला वाटत नाही.

त्याच आख खोऱ्यात गाइसेनक्लोस्टर्ले नावाची दुसरी गुहा आहे. तेथे हंसाच्या हाडाच्या बासऱ्यांबरोबर मॅमथच्या सुळ्याची एक बासरी मिळाली. ३१ तुकड्यांतून ती जुळविली गेली आणि २००४ मध्ये विद्वानांपुढे आली. हंसाचे हाड पोकळ असते, ते कापून छिद्रे पाडली की वाद्य तयार. मॅमथचा सुळा भरीव आणि वाकडा. त्याची बासरी करावयाची तर आधी त्यातून सरळ दांडा काढावा लागतो; तो उभा दुभंगावा लागतो; दोन्ही फाळक्यांचा गाभा गारगोटीच्या पात्याने कोरून काढावा लागतो; मग ती दोन्ही अर्धुके पुन्हा तंतोतंत जुळवून, कडांवर खाचा पाडून, चिकटवून व बांधून, कोठूनही हवा निसटणार नाही अशी सांध बंद करावी लागते. कोठे एक केसभर फट राहिली तर सारे श्रम वाया. पोकळ हाड हाताशी असताना, त्याच खोऱ्यात, बहुधा त्याच लोकांनी हा उपद्व्याप का केला असावा? अधिक लांब किंवा जाड नळी हवी होती म्हणून, असे एक उत्तर देता येते आणि ते खोटे म्हणता येत नाही. तरी माझे मन त्यावर ठरत नाही. याज्ञिकांनी यागाची जी व्याख्या केली तीत द्रव्य, देवता आणि त्याग ही तीन अंगे सांगितली आहेत. या सुळ्याच्या बासरीत द्रव्य आहे, आणि ते त्या लोकांना उपलब्ध असलेल्या द्रव्यांपैकी बहुमोल. त्याग आहे, कारण ज्या दिवसांत अन्न, ऊब आणि संरक्षण यांखेरीज कशालाही वेळ नसावा असे आपल्याला वाटते, त्या दिवसांतील कितीतरी तास यात वेचले आहेत. देवतेचे नाव मात्र आपल्याला कळत नाही. आणि एवढ्या त्यागाचे फळ काय, तर जे क्षणात नाहीसे होते ते. शिकारीच्या भाल्यावर एवढे श्रम खर्च झाले असते तर त्यात विचार करण्यासारखे काही नव्हते. ध्वनीसारख्या नाशवंत वस्तूसाठी ते खर्च व्हावेत, यातच मला मानवाच्या धार्मिक जीवनाचा पहिला विश्वसनीय पुरावा दिसतो.

येथे आक्षेप येणार, आणि तो डार्विनच्या परंपरेतून येणार. १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथात डार्विनने असे नमूद केले की संगीताचा आनंद किंवा ते निर्माण करण्याची शक्ती, यांपैकी काहीही माणसाच्या नित्य व्यवहारात यत्किंचितही उपयोगी नाही, म्हणून ही शक्ती माणसाच्या अत्यंत गूढ शक्तींत गणली पाहिजे. आणि मग त्याने तिचा उगम प्रणयाराधनात शोधला. त्याच्यानंतरच्या पंडितांनी कोणी समूहाच्या एकीत, कोणी आईच्या अंगाईत तो शोधला. यांपैकी एकही उपपत्ती मला अपमानकारक वाटत नाही. प्रणय, वात्सल्य आणि सांघिक जिव्हाळा यांतून जे उगवले ते धर्माबाहेरचे असते असे मानणाऱ्याने भक्तिमार्गाचा इतिहास वाचलेला नाही. दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. या बासऱ्या कोणत्याही देवस्थानात, वेदीवर किंवा गुप्त कोनाड्यात मिळाल्या नाहीत. हाडांचे तुकडे, गारगोटीच्या ढलप्या, हस्तिदंताचा चुरा, म्हणजे रोजच्या राहणीचा जो केरकचरा, त्यातच त्या पडलेल्या होत्या. ज्याचा उपयोग समजत नाही त्याला ‘कर्मकांडाची वस्तू’ म्हणून मोकळे होण्याची जी सवय पुरातत्त्वात पूर्वी रूढ होती, तिला या पुराव्याने चांगलाच पायबंद घातला. परंतु यावरून या वस्तू धर्माशी असंबद्ध होत्या असे अनुमान काढणे म्हणजे देव देवळात असतो आणि घरात नसतो असे समजणे होय. वारकऱ्याचा टाळ घरातल्या खुंटीवरच असतो.

हेतूचा प्रश्न किती नाजूक असतो हे स्लोव्हेनियातील दिव्ये बाबे या गुहेने दाखवून दिले. १९९५ मध्ये इव्हान तुर्क यांना तेथे गुहेत राहणाऱ्या अस्वलाच्या पिलाच्या मांडीचे एक हाड मिळाले. त्यावर दोन पूर्ण छिद्रे आणि टोकांशी अर्धवट छिद्रांसारख्या खुणा आहेत. त्याचे वय ५०,००० वर्षांच्या पलीकडे जाते, म्हणजे ते वाद्य असेल तर आपल्या वंशाचे नसून निअँडर्थल मानवाचे ठरते. ल्युब्ल्यानाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ते बासरी म्हणून मांडलेले असून त्याच्या प्रतिकृतीवर सुंदर वादन झालेले आहे. उलट पक्षाचे म्हणणे असे की ही छिद्रे कोणा मांसाहारी श्वापदाच्या सुळ्यांनी पडलेली असून त्यांत बासरी पाहणे हा आपला मनोरथ आहे. या वादात निकाल देण्याचा अधिकार माझा नाही. पण वादाचे स्वरूप पाहावे. छिद्र तेच, हाड तेच, प्रतिकृतीतून निघणारा स्वरही तोच. तरी ते जनावराने पाडले की माणसाने, या एका गोष्टीवर सारे अवलंबून आहे. स्वर निघतो एवढ्याने वाद्य सिद्ध होत नाही. वेळूच्या बनात भुंग्यांनी पोखरलेल्या छिद्रांतून वारा शिरून जो नाद उठतो त्याचे वर्णन आपल्या कवींनी केले आहे, पण त्या वेळूला कोणी वेणू म्हणत नाही. वाद्य सिद्ध होते ते कर्त्याने. आणि कर्ता सिद्ध होतो तो त्याने एका स्वराला होकार आणि दुसऱ्याला नकार दिला या खुणेने.

अशी खूण कोठे सापडते काय? सापडते, आणि ती चीनमध्ये, हनान प्रांतातील वुयांग तालुक्यात, जियाहू येथे. १९८० च्या दशकात तेथील नवाश्मयुगीन वसाहतीचे उत्खनन झाले आणि दफनांतून, मृतांच्या शेजारी ठेवलेल्या, क्रौंच पक्ष्याच्या पंखातील हाडांच्या बासऱ्या निघाल्या. काही मोडलेल्या, काही धडक्या. पाच, सहा, सात, आठ छिद्रांच्या. १९९९ मध्ये त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला तेव्हा जगभर आश्चर्य व्यक्त झाले, कारण २८२ क्रमांकाच्या दफनातील सात छिद्रांची एक बासरी, ८,००० वर्षांहून अधिक काळ मातीत राहूनही, वाजविण्याजोगी होती, आणि ती प्रत्यक्ष वाजवून तिचे स्वर मोजण्यात आले. मला त्या वादनापेक्षा महत्त्वाचे वाटते ते त्याच बासरीच्या सातव्या छिद्राजवळचे एक अगदी बारीक छिद्र. ते बोटाने झाकण्यासाठी नाही. सातव्या छिद्राचा स्वर हवा तसा येईना, म्हणून तो दुरुस्त करण्यासाठी ते नंतर पाडले असावे, असे संशोधकांनी म्हटले आहे, आणि मोजणीत त्या छिद्राचा स्वरावर होणारा परिणामही दिसून आला.

या सुईच्या अग्राएवढ्या छिद्रात, माझ्या मते, आरंभी मांडलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे. बासरी फुंकली, सातवा स्वर आला, आणि कारागिराच्या कानाने तो नाकारला. कशाच्या आधारावर नाकारला? हाडात तर तोच स्वर होता, दुसरा नव्हता. ज्या स्वराच्या तुलनेने हा स्वर चुकीचा ठरला, तो त्या क्षणी कोठेही वाजत नव्हता. कोणताही आघात झालेला नसताना तो उपस्थित होता, आणि तो इतका निश्चित होता की त्याच्या साक्षीवर त्या मनुष्याने एका सिद्ध झालेल्या वाद्यावर पुन्हा हत्यार चालविण्याचे धाडस केले. आपल्या परंपरेने आघाताने उत्पन्न होणाऱ्या नादाला आहत आणि आघाताविना असणाऱ्या नादाला अनाहत म्हटले. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, सिंघण राजाच्या पदरी, दफ्तराचा प्रमुख अधिकारी म्हणून काम करणाऱ्या शार्ङ्गदेवाने आपला ‘संगीतरत्नाकर’ रचताना या दोहोंचा विचार केला आणि असा निर्णय दिला की अनाहत हा मुनींनी गुरूपदिष्ट मार्गाने उपासावा, तो मुक्ती देतो, परंतु जनांचे रंजन करीत नाही. म्हणून जो रंजन करतो आणि भवबंधही तोडतो त्या आहत नादाचे विवेचन आपण करू. हिशेबाच्या वह्या सांभाळणाऱ्या मनुष्याला साजेसा हा व्यवहारी आणि थोर निर्णय आहे. हिंदुस्थानच्या संगीतशास्त्राची इमारत त्यावर उभी राहिली. तथापि त्यामुळे अनाहत हा शब्द कायमचा योग्यांच्या हवाली झाला, आणि सामान्य मनुष्याच्या कानाशी त्याचा काही संबंध असेल ही गोष्ट विसरली गेली, याचे मला दुःख वाटते. जियाहूचा कारागीर योगी होता असे मानण्यास आधार नाही. त्याने समाधी लावली नव्हती. तो बासरी घडवीत होता. तरी न वाजलेल्या स्वराने वाजलेल्या स्वराचा न्याय करावा ही घटना त्याच्या हातून घडली, आणि तिची नोंद हाडात राहिली.

याला नैयायिकाच्या चिकाटीने विरोध करता येईल. तो म्हणेल की त्या कारागिरापुढे आधीची एखादी बासरी असेल. त्याच दफनात दुसरी बासरीही होती. तिचा स्वर त्याच्या स्मरणात होता, आणि त्या स्मृतीशी नवा स्वर जुळला नाही म्हणून त्याने छिद्र पाडले. यात अनाहत कोठून आले, हे तर आहताचेच स्मरण. युक्तिवाद बळकट आहे. परंतु त्या आधीच्या बासरीचा स्वर बरोबर असल्याचे कोणी ठरविले? तिच्या आधीच्या बासरीने, असे म्हटले तर तिच्याविषयीही तोच प्रश्न, आणि आपण ज्याला अनवस्था म्हणतो त्या दोषात सापडतो. कोठेतरी, कधीतरी, कोणा एका कानाने एका स्वराला दुसऱ्या कोणाच्याही साक्षीवाचून ‘हाच’ असे म्हटले असलेच पाहिजे. मीमांसकांचा एक सिद्धांत असा आहे की ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते, ते बाहेरून आणावे लागत नाही. वेदांच्या रक्षणासाठी उभारलेला हा सिद्धांत इतर ज्ञानांना कितपत लागू पडतो याविषयी वाद होतील. सुराला तो जितका लागू पडतो तितका दुसऱ्या कशालाही लागत नाही, असे माझे मत आहे. तंबोरा लावताना जोडाच्या तारा मिळाल्या की मिळाल्या. त्या मिळाल्याचा पुरावा मागणाऱ्याला पुरावा देता येत नाही आणि ज्याला तो ऐकू येतो त्याला तो लागत नाही. पदार्थवैज्ञानिक येथे सांगेल की वरच्या षड्जाची कंपनसंख्या खालच्या षड्जाच्या दुप्पट असते आणि या साध्या प्रमाणाला मानवी कान ओळखतो. ते खरेच आहे, आणि त्याने माझ्या म्हणण्याला बाध येत नाही. ते प्रमाण कोणी घडविले नाही. कारागिराच्या आधी ते होते, हाडाच्या आधी होते, आणि कान त्याच्यापुढे साक्षीदार म्हणून रुजू झाला, एवढेच यावरून निघते.

तेव्हा गुहेतला तो ध्वनी गेला, यात संशय नाही. दोन्ही दर्शनांचे येथे खरे आहे, आणि कोणतीही प्रतिकृती, कितीही निष्ठेने घडविली आणि फुंकली तरी, तो परत आणीत नाही. ती नवा ध्वनी देते. मूळ वाद्ये ओठांना लावून पाहण्याच्या मोहाला मी म्हणूनच विरोध करीन. सहस्रावधी वर्षे जुन्या हाडाला आपल्या श्वासाच्या ओलाव्याने तडा जाण्याची भीती आहे हे एक कारण. त्याहून मोठे कारण असे की जे आपल्याला हवे आहे ते तेथे नाहीच. जे राहिले आहे ते स्वर नव्हे, स्वराविषयीचा निर्णय: होल फेल्सच्या मापाच्या रेघा, गाइसेनक्लोस्टर्लेची घट्ट सांध, जियाहूचे बारीक छिद्र. या निर्णयाला वय नाही असे मी म्हणणार नाही, कारण तो घेणारी माणसे मरून गेली आणि ज्या कसोटीवर तो घेतला ती नित्य आहे काय हे सांगण्याचे सामर्थ्य माझ्यात नाही. परंतु ती कसोटी त्यांच्या हाडांहून जुनी होती आणि आजही आपल्या कानांत तीच काम करते आहे, इतके मात्र मी निश्चयाने म्हणेन. आणि ज्या धर्मविचाराला परमार्थाचा आरंभ शब्दातून झाला असे वाटते त्याने, शब्दाच्या आधी सुराने माणसाला आपल्याबाहेरच्या प्रमाणापुढे नम्र केले असण्याचा संभव मोकळ्या मनाने विचारात घ्यावा.

अशा वस्तू दुर्मिळ आहेत असे आपण समजतो. कदाचित त्या ओळखल्या गेलेल्या नाहीत इतकेच. फ्रान्समध्ये पिरिनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या मार्सूला गुहेत १९३१ मध्ये एक मोठा शंख सापडला. कोणी तरी पाणी पिण्यासाठी वापरलेले ते पात्र असावे असे ठरवून तो तूलूझच्या संग्रहालयात ठेवण्यात आला. सुमारे ९० वर्षे तो तसाच राहिला. पुढे त्याचे टोक मुद्दाम तोडलेले असल्याचे आणि आत नळी बसविण्यासाठी छिद्र केलेले असल्याचे ध्यानात आले, आणि २०२१ मध्ये, १८,००० वर्षांपूर्वीचे हे फुंकवाद्य असल्याचे जाहीर झाले. इस्रायलच्या हुला खोऱ्यातील ऐनान येथे मिळालेल्या एक हजाराहून अधिक पक्ष्यांच्या हाडांच्या संग्रहातून, बारकाईने पाहता पाहता, पाणपक्ष्यांच्या हाडांची सात चिमुकली फुंकवाद्ये ओळखली गेली. ती १२,००० वर्षांपूर्वीची असून त्यांच्या प्रतिकृतींतून निघणारा आवाज दोन लहान शिकारी पक्ष्यांच्या हाकेशी मिळतो, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही ठिकाणी वस्तू हाती होती, दफ्तरात तिची नोंद होती. फक्त तिला कोणी वाद्य म्हणून विचारले नव्हते. हडप्पा आणि मोहेंजोदडो येथील मातीचे खुळखुळे आणि पक्ष्याच्या आकाराच्या शिट्ट्या आपण खेळणी म्हणून वाचतो आणि पुढे जातो. मूल ज्या नादाने प्रथम हसले तो नाद विचार करण्यायोग्य नाही, हे आपल्याला कोणी सांगितले?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इनामगाव, नेवासे येथे जी उत्खनने केली त्यांतून घोड आणि प्रवरा या नद्यांकाठच्या ताम्रपाषाणयुगीन लोकांचे अन्न, शेती, घरे आणि दफने यांविषयी महाराष्ट्राला पहिल्यांदा तपशिलाने कळले, आणि तेथील प्राण्यांच्या हाडांचा अभ्यासही त्याच पिढ्यांच्या परिश्रमाने उभा राहिला. जे विद्यार्थी आज या विषयाकडे वळत आहेत त्यांना माझी विनंती आहे की अशा जुन्या संग्रहांतील पक्ष्यांची पोकळ हाडे, शंखांचे तुकडे आणि मातीच्या लहान, पोकळ वस्तू यांच्यावरून पुन्हा एकदा भिंग फिरवावे. कडेला खाच आहे काय, छिद्र दाताचे आहे की हत्याराचे, छिद्राजवळ मापाची रेघ आहे काय, हे पाहावे. आणि काहीच न मिळाले तरी, पाहिले आणि नव्हते, अशी स्पष्ट नोंद करून ठेवावी.